‘बेस्ट ऑफ’मधून कोण गळतं?

मागच्या वर्षी बाबांची एकसष्टी होती. हॉल, जेवण, गुरुजी हे सगळं दादाने बघितलं. माझ्याकडे एकच काम आलं, व्हिडिओ करायचं. घरातले जुने अल्बम, आत्याचा व्हॉट्सअॅप, बाबांच्या ऑफिसमधले लोक असं सगळीकडून मिळून दोनशेच्या वर फोटो जमले. व्हिडिओ पाच मिनिटांपेक्षा मोठा नको, नाहीतर लोक जेवायला उठतात, असं दादाने बजावलं होतं. मी चाळीस फोटो निवडले. रात्री दोन वाजता आईला दाखवला. तिने शेवटपर्यंत बघितला, डोळे पुसले आणि म्हणाली, “छान झालाय गं. पण यात तुझे काका कुठेत?”

काका नव्हते. मी मुद्दाम घेतले नव्हते. गावच्या घराच्या वाटणीवरून बाबा आणि काका अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. समारंभाला ते येणारही नव्हते. मग कशाला उगाच, असा माझा साधा हिशोब होता. पण त्याच आईने मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं की बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा आम्हा दोघांच्या शाळेची दोन वर्षांची फी काकांनी भरली होती. ते मला आठवत होतं. आठवत असूनही मी त्यांना गाळलं होतं.

व्हिडिओ करताना माझ्या कानात जे चालू होतं, त्यामुळे हा लेख सुचला. रोलिंग स्टोन्सचा ‘फॉर्टी लिक्स’ नावाचा संग्रह. हाही चाळीसचाच.

स्टोन्सबद्दल थोडं सांगते. १९६२मध्ये लंडनमध्ये सुरू झालेला हा बँड. २००२मध्ये त्याला चाळीस वर्षं झाली, म्हणून चाळीस गाण्यांचा हा दोन सीडींचा संच निघाला. त्यात छत्तीस जुनी गाणी आणि चार नवी. त्यानंतरच्या जगभराच्या दौऱ्यात ते एप्रिल २००३मध्ये भारतातही आले होते, बंगळुरूला आणि मग मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर. तेव्हा गेलेले लोक आज पन्नाशीच्या आसपास आहेत आणि विषय निघाला की अजून वीस मिनिटं थांबत नाहीत.

या संग्रहाची गंमत अशी की तोवर स्टोन्सचं आयुष्य बाजारात दोन तुकड्यांत मिळत होतं. साठच्या दशकातल्या रेकॉर्डिंगचे हक्क त्यांचा जुना मॅनेजर अॅलन क्लाइन याच्या ‘अॅबको’ कंपनीकडे होते, नंतरचे बँडकडे. म्हणून ‘हॉट रॉक्स’ घेतलात तर १९७१पर्यंतची गाणी, ‘जम्प बॅक’ घेतलात तर १९७१च्या पुढची. ‘फॉर्टी लिक्स’मध्ये दोन्ही काळ पहिल्यांदा एकत्र आले. म्हणजे स्वतःच्या आयुष्यातलं ‘निवडक’ काढायलासुद्धा या माणसांना आधी कागदपत्रं जुळवावी लागली. आपल्या आठवणींचे सगळे हक्क आपल्याकडे नसतात, ही गोष्ट फक्त रॉकस्टार लोकांना लागू आहे असं मला वाटत नाही.

तर प्रश्न असा. आयुष्यातलं फक्त चांगलं चांगलं निवडून समोर ठेवणं, हे खोटं बोलणं आहे का?

पहिलं उत्तर ‘नाही’ असंच येतं, आणि ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. निवडल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. पुण्याचा नकाशा पुण्याएवढा काढला तर तो खिशात मावणार नाही. मराठी प्रकाशनात तर यासाठी दोन वेगळे शब्दच आहेत, ‘निवडक’ आणि ‘समग्र’. ‘समग्र वाङ्मय’ हातात घेतलं की त्यात पत्रं, भाषणं, अर्धवट राहिलेलं, फसलेलं असं सगळं येणार हे आपण धरून चालतो. ‘निवडक’ म्हटलं की कुणीतरी चाळणी लावली आहे हे कव्हरवरच कबूल केलेलं असतं. हिट गाण्यांचा संग्रह ऐकून कुणी असं समजत नाही की या लोकांनी चाळीस वर्षांत एकही टाकाऊ गाणं केलं नाही. नावातच कबुली आहे, त्यामुळे फसवणूक नाही.

मग गाळणं हे खोटं कधी ठरतं? मला वाटतं, समोरचा माणूस त्या निवडीवरून जो निष्कर्ष काढणार आहे तो चुकीचा आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि त्याने तोच काढावा अशी आपली इच्छाही असते, तेव्हा. इन्स्टाग्रामवर कुणी ‘निवडक’ असं लिहीत नाही. रिझ्युमेमध्ये मधली दीड वर्षं दोन नोकऱ्यांच्या तारखांत अशी मुरवलेली असतात की ती दिसूच नयेत. शोकसभेत तर आपण सगळे यात पटाईत. ‘मेलेल्या म्हशीला मणभर दूध’ ही म्हण उगाच नाही पडली. जिवंतपणी ती किती देत होती हे गोठ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

इथवर प्रश्न सोपा आहे. कव्हरवर लेबल लावा आणि मोकळे व्हा. पण ‘फॉर्टी लिक्स’ ऐकताना मला लेबलाने न सुटणारी एक वेगळीच अडचण दिसायला लागली.

पहिल्या सीडीवर दुसरंच गाणं ‘गिमी शेल्टर’ आहे. त्यात जॅगरच्या बरोबरीने, आणि एका ठिकाणी त्याच्याही वर, एका बाईचा आवाज येतो. तो आवाज चिरकतो, फाटतो, आणि तिथेच अंगावर काटा येतो. ती मेरी क्लेटन. १९६९मध्ये लॉस एंजेलिसला रात्री उशिरा फोन करून तिला स्टुडिओत बोलावलं. ती गरोदर होती. काही वेळात गाऊन घरी परत गेली. त्यानंतर लवकरच तिचा गर्भपात झाला. दोन्हींचा संबंध कितपत जोडायचा हे कुणी सिद्ध करू शकत नाही. पण ते गाणं हिट आहे त्यात तिचा वाटा किती, हे कान असलेला कुणीही सांगेल. पडद्यामागच्या अशा गायिकांवर २०१३मध्ये ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ नावाचा माहितीपट आला. त्यात ती आहे. सर्वोत्तम माहितीपटाचं ऑस्करही त्याला मिळालं. म्हणजे तिचा चेहरा बहुतेकांना दिसेपर्यंत चव्वेचाळीस वर्षं गेली.

त्याच सीडीवर ‘अंडर माय थम्ब’ आहे. ६ डिसेंबर १९६९ला कॅलिफोर्नियात ऑल्टामाँटच्या मैदानावर स्टोन्सची मोफत मैफल होती. स्टेजजवळच्या बंदोबस्तासाठी ‘हेल्स एंजल्स’ या मोटरसायकल टोळीची माणसं होती. हे गाणं चालू असताना त्यांच्यातल्या एकाने मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला भोसकलं. तो मेला. हंटरने पिस्तूल काढलं होतं, आणि स्वसंरक्षण म्हणून आरोपी पुढे निर्दोष सुटला. गाणं संग्रहात आहे. ती रात्र संग्रहात असू शकत नाही, कारण ती काही हिट नाही.

आणि तिसरा माणूस इयन स्ट्युअर्ट. बँडच्या स्थापनेपासूनचा पियानोवादक. १९६३मध्ये मॅनेजर अँड्र्यू ओल्डहॅमने ठरवलं की सहा जण जास्त होतात, आणि याचा चेहराही बाकीच्यांत बसत नाही. त्याला फोटोतून काढलं. ‘स्ट्यू’ने ते स्वीकारलं. तो त्यांचं सामान वाहणाऱ्या गाडीचा आणि दौऱ्यांचा व्यवस्थापक झाला आणि स्टुडिओत पियानो वाजवत राहिला, १९८५मध्ये मरेपर्यंत. दुसऱ्या सीडीवरच्या ‘ब्राउन शुगर’मध्ये पियानो त्याचाच आहे.

या तिघांमुळे मला एक फरक कळला. आपण गाळतो त्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात. एक, आपली अपयशं. फसलेले अल्बम, नापास झालेलं वर्ष, मोडलेलं लग्न, चार महिन्यांत गुंडाळलेला धंदा. ती माझी आहेत. ती सांगायची की नाही हा माझा अधिकार. न सांगितल्याने, वर म्हटलं तशी कुणाची फसवणूक होत नसेल, तर कुणाचं काही जात नाही. दुसरा प्रकार म्हणजे आपलं देणं. ज्यांच्या खांद्यावर उभं राहून आपण उंच दिसलो ती माणसं, आणि ज्यांना आपल्या पायाखाली लागलं ती माणसं. ती माझ्या एकटीच्या मालकीची नाहीत. मी त्यांना गाळते तेव्हा स्वतःबद्दल कमी सांगते एवढंच होत नाही. दुसऱ्याच्या आयुष्यातली एक गोष्ट मी परस्पर पुसते.

अपयश लपवणं हा फार तर संकोच आहे. देणं लपवणं ही उचलेगिरी आहे.

इथे कुणी म्हणेल, मग काय सगळ्याची यादी वाचत बसायचं? सार्त्र हा फ्रेंच तत्त्वज्ञ असं म्हणत असे की माणूस म्हणजे त्याने प्रत्यक्ष केलेल्या गोष्टींची बेरीज, त्यापलीकडे काही नाही. हे तत्त्व ऐकायला करारी वाटतं. पण बेरीज करायला बसतं कोण, हा खरा प्रश्न आहे. आज कुणावर राग आला की त्याचे दहा वर्षांपूर्वीचे स्क्रीनशॉट बाहेर येतात आणि संध्याकाळपर्यंत ‘हा माणूस मुळात असाच’ असा निकाल लागतो. ते ‘समग्र’ नसतं. तेही ‘निवडक’च असतं, फक्त ‘वर्स्ट ऑफ’. तिथेही चाळणी आहे आणि लेबल नाही. समग्रचा आग्रह धरणारे बहुतेक लोक स्वतःसाठी मात्र निवडकच मागतात.

‘ब्राउन शुगर’चंच बघा. गाण्याचे शब्द गुलामगिरी आणि काळ्या बायकांवरच्या अत्याचाराभोवती फिरतात, आणि चाल अशी की पाय थिरकतात. अनेक वर्षं लोक त्यावर अस्वस्थ होते. २०२१च्या दौऱ्यात स्टोन्सनी ते गाणं वाजवायचं थांबवलं. ‘फॉर्टी लिक्स’मध्ये ते आहेच. मला हे दोन्ही ठीक वाटतं. उद्या स्टेजवर काय गायचं हे बदलता येतं, बदलावंही. पण काल काय गायलं होतं ते पुसायला गेलो तर बदललो असा दावा करायला जागाच उरत नाही. मुळात काही नव्हतंच, तर बदललं काय?

म्हणून यादी पूर्ण असावी असं माझं म्हणणं नाही. निवड करावीच. फक्त ती करताना एक प्रश्न स्वतःला विचारावा. या माणसाला मी जागा नाही म्हणून गाळते आहे, की तो दिसला तर माझं चित्र बदलेल म्हणून? पहिलं कारण संपादकाचं असतं, दुसरं चोराचं.

आणि गाळलेलं परत घेता येतं. १९८९मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये स्टोन्सचा समावेश झाला, तेव्हा बँडच्या आग्रहाने इयन स्ट्युअर्टचं नावही त्यात घेतलं गेलं. तो जाऊन तीन वर्षांच्या वर झाली होती. २०१९मध्ये जॅगर आणि रिचर्ड्सनी ‘बिटर स्वीट सिम्फनी’ या ‘द व्हर्व’च्या गाण्यावरचा आपला हक्क सोडला आणि ते मूळ गीतकार रिचर्ड अॅशक्रॉफ्टला परत दिलं. क्लाइनच्या कंपनीशी झालेल्या वादातून ते बावीस वर्षं यांच्या नावावर होतं. दोन्ही गोष्टींना उशीर झाला. स्ट्युअर्टच्या बाबतीत तर इतका, की ज्याला ऐकायचं तोच नव्हता. उशिराने केलेली दुरुस्ती म्हणजे न्याय असं मला म्हणवत नाही. पण ती न करण्यापेक्षा करणं नक्की बरं.

‘फॉर्टी लिक्स’चं शेवटचं गाणं कीथ रिचर्ड्स गातो. ते हिट नाही, त्या वर्षी नव्याने केलेलं आहे. नाव ‘लुझिंग माय टच’. यशांची चाळीस गाण्यांची मिरवणूक, आणि ती संपते ‘आता हातचं सुटत चाललंय’ असं नाव असलेल्या गाण्यावर. हे मुद्दाम केलं की सहज झालं, मला सांगता येणार नाही. मला ते आवडतं एवढं खरं.

त्या रात्री मी व्हिडिओ परत उघडला. काकांचा एक फोटो आत्याने पाठवलेल्यांत होता. दोघं भाऊ बजाज स्कूटरवर, बाबा चालवतायत, काका मागे, दोघांच्याही केसांचा कोंबडा. बाबांच्या निरोप समारंभाचे तीन फोटो होते, त्यातला एक काढला आणि हा घातला. साडेतीन सेकंद.

हॉलमध्ये तो आला तेव्हा काही झालं नाही. कुणी टाळ्या थांबवल्या नाहीत, बाबांनीही मान वळवली नाही. आत्या तेवढी माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, चला, कुणाच्या लक्षातच आलं नाही.

रात्री सगळं आवरून घरी आलो. बाबा सोफ्यावर शाल काढत होते. म्हणाले, “तो स्कूटरवरचा फोटो मला पाठव.” मी पाठवला. पुढे त्यांनी त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही, आणि अजून तरी त्यांनी सांगितलेलं नाही.