वकीलपत्राआधी

कौटुंबिक न्यायालयात वकील लावण्याचा हक्क कुणालाच नाही, असं सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. पण १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १३ नेमकं हेच म्हणतं. पक्षकाराने स्वतः उभं राहून आपलं म्हणणं मांडावं. गरज वाटली तर न्यायालयाने कायदेतज्ज्ञाला न्यायमित्र म्हणून बोलवावं. मोडलेला संसार जमिनीच्या दाव्यासारखा लढवला जाऊ नये, समुपदेशकासमोर बसून दोघांनी बोलावं, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात वकील परवानगीचा अर्ज देतात, सहसा परवानगी मिळते, आणि ज्यांचा संसार ते दोघे मागच्या बाकावर बसून आपलं नाव कधी पुकारतात याची वाट बघतात.

तेव्हा ‘म्युच्युअलच करायचंय, मग वकील कशाला?’ असं विचारणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाचं कलम १३-ब आलं ते १९७६ साली. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं, दोघांनी मिळून अर्ज करावा, सहा महिन्यांनी पुन्हा येऊन ‘हो, अजूनही हेच हवंय’ असं सांगावं. सगळं आधीच मिटलेलं असेल तर हे सहा महिनेही न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितलं. दोघं कमावते, मूल नाही, सामाईक घर नाही, कर्ज नाही, अशा जोडप्याने अर्ज स्वतः लिहावा. नमुना मिळतो, चुका झाल्या तर न्यायालयाचे कर्मचारी दाखवतात, हेलपाटे थोडे जास्त पडतात इतकंच. मारहाण, धमक्या, मुलाची पळवापळवी असेल तर मात्र चर्चाच नको. वकील हवा, आणि आजच हवा.

खरी अडचण मधल्यांची आहे. भांडण नाही, पण वाटणी आहे. आणि अशांच्या बाबतीत सगळे अर्जाची काळजी करतात, तर धोका असतो कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींच्या कागदात. तो दोन-तीन पानांचा कागद नीट वाचा. शेवटाकडे एक वाक्य हमखास सापडतं: दोघांचं एकमेकांकडे कोणतंही येणं-देणं राहिलेलं नाही, यापुढे कोणी कसलाही दावा करणार नाही. या एका ओळीत कायमची पोटगी मागणं अवघड झालं, सासरी राहिलेल्या दागिन्यांवर बोलण्याची सोय जवळपास गेली. त्याच कागदात लिहिलेलं असतं की फ्लॅट तिचा आणि उरलेले हप्ते तो भरेल. पण बँकेने यावर सही केलेली नसते. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर हप्ता थकल्यावर बँक दोघांनाही धरते, तुमचा हुकूमनामा काहीही म्हणो. ‘मुलासाठी काही नको’ असंही अभिमानाने लिहून दिलं जातं. वास्तविक मुलाच्या पोटगीचा हक्क मुलाचा, आईला तो सोडून देताच येत नाही.

हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्येच स्पष्ट केलं. नंतर दार बंद. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही, असं कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १९ सांगतं. फसवणूक झाली म्हणून पुन्हा न्यायालयात जाता येतं, पण ती सिद्ध करायची तुम्ही, आणि तेव्हा वकिलाचा खर्च आजच्यापेक्षा जास्तच येणार.

म्हणून वकील हवा की नको, हे भांडण किती आहे यावर ठरवू नये. घरातला हिशोब दोघांनाही ठाऊक आहे का, हे बघावं. पोटगीचा वाद असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालानंतर दोघांना मालमत्ता आणि कर्जांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. संमतीच्या अर्जात बहुधा समोरच्याने सांगितलं तेच धरून चालतात. आणि आपल्याकडे अजूनही कितीतरी सुशिक्षित बायकांना नवऱ्याचा पीएफ किती, गुंतवणूक कुठे, घराच्या कर्जातलं मुद्दल किती उरलंय, हे सांगता येत नाही. (काही घरांत हे उलटंही असतं, तिथे नवऱ्याने सावध राहावं.) अशा वेळी ‘एकच वकील करू, खर्च वाचेल’ हा सगळ्यात वाईट तोडगा. त्या वकिलाची फी जो देतो, कन्सेंट टर्म्स त्याच्याच घरच्या भाषेत लिहिल्या जातात.

वकिलाशिवाय वेगळं होणं आपल्याला नवं नाही, हेही खरं. अनेक जातींत काडीमोड होती, आणि सिद्ध होणारी रूढी १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने कलम २९मध्ये राखूनही ठेवली. पण त्याचा आधार घेऊन आज स्टॅम्पपेपरवर फारकतनामा लिहितात, नोटरीचा शिक्का मारतात आणि दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू करतात. रूढी सिद्ध करता आली नाही, तर तो कागद म्हणजे घटस्फोट नव्हे आणि दुसरं लग्न बेकायदा ठरतं.

माझं मत एवढंच: अर्ज स्वतः करा, तारखांना स्वतः जा, पण सही करण्याआधी कन्सेंट टर्म्स फक्त तुमच्या बाजूच्या एका वकिलाला वाचायला द्या. एका बैठकीची फी द्यावी लागेल. तीही परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइनचा नंबर १५१००.