अर्थविद्या कोणी शिकावी?

बडोद्याच्या समा भागात राहणारा, कारखान्यातील यंत्रांवर देखरेख करणारा एखादा तिशीतील अभियंता चार्टर्ड अकौंटंटच्या परीक्षेस बसण्याचे मनात आणतो, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी प्रथम हेच विचारतात, की शिकलेली विद्या वाया घालवणार काय? या प्रश्नामागे स्वधर्माची जुनी कल्पना आहे. ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. परंतु तिचा अर्थ नीट पाहिला पाहिजे.

विसाव्या वर्षी हाती पडलेली पदवी म्हणजे स्वधर्म, असे आम्हांस वाटत नाही. आपल्या कोकणी बोलणाऱ्या समाजातीलच उदाहरण घ्या. 1925 साली उडुपीस जी संस्था निघाली व पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपास आली, तिच्या संस्थापकांपैकी उपेंद्र पै कापडाचे व्यापारी, वामन कुडवा अभियंते, तर डॉ. टी. एम. ए. पै वैद्य होते. 1928 पासून या बँकेची माणसे घरोघर जाऊन रोज दोन-दोन आणे जमा करू लागली. ही पिग्मी ठेव गरिबास काटकसर शिकवून गेली. ती बँक 2020 साली कॅनरा बँकेत विलीन झाली. पण डॉक्टरांची मूळ विद्या मात्र वाया गेली नाही. 1953 साली मणिपालचे कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, ते त्यांच्याच हातून.

यावर कोणी म्हणेल, त्यांनी कोठे परीक्षा दिली होती? आक्षेप रास्त आहे. बँक चालविणे निराळे आणि कंपनीचे हिशेब तपासून खाली सही करणे निराळे. ती सही म्हणजे साक्ष असते. तिच्या भरवशावर अनोळखी माणसे आपली पुंजी गुंतवतात. म्हणून कायदा तेथे सनद मागतो, आणि ते योग्यच आहे. अन्य शाखेच्या पदवीधरास साठ टक्के गुण असल्यास पहिली परीक्षा माफ होते. परंतु उमेदवारी कोणास चुकत नाही. 2023 च्या नव्या नियमांनी ती दोन वर्षांवर आणली आहे. तेवढा काळ नोकरी सोडून अल्प विद्यावेतनावर काढावयाचा असतो. हा भार एकट्याचा नसून पत्नी, मुले व वृद्ध आईवडील यांचाही असतो. त्यांची संमती न घेता केलेले धाडस हा पुरुषार्थ नव्हे.

मग निर्णयाची कसोटी कोणती? आम्ही एक साधी सुचवितो. शुल्क भरण्यापूर्वी सहा महिने आपल्याच कंपनीचा ताळेबंद वाचावा. देवस्थानच्या वार्षिक सभेत सादर होणारे जमाखर्चाचे पत्रक घरी नेऊन ओळीओळीने समजून घ्यावे. त्यात मन रमले, एखादी रक्कम जुळेना तेव्हा झोप उडाली, तर ती विद्या आपली आहे असे जाणावे. आकड्यांचा कंटाळा येऊन लक्ष केवळ पगाराकडे लागले, तर अभियंत्याने अभियंताच राहावे. त्यात उणेपणा काहीच नाही.

विद्या बदलणे हा अधर्म नव्हे. दुसऱ्याच्या पैशाविषयी साक्ष देण्याचा अधिकार मागावयाचा आणि त्या साक्षीची आच मात्र मनाला नसावी, हा अधर्म होय.