सोप्याचा सोफा झाला

गावोगाव आता स्लॅबची घरं झाली. पुढच्या खोलीला हॉल म्हणतात. सोफा, काचेचा टीपॉय, शोकेसमध्ये प्लॅस्टिकची फुलं. झकास दिसतं, नाही कशाला म्हणू? पण सोफ्यावरचा कागद वर्ष झालं तरी निघत नाही. मग ही खोली बसायला का बघायला?

पूर्वी सोपा असायचा. शेणानं सारवलेली जमीन, कोनाड्यात पानाचा डबा, खुंटीला घोंगडं. सनगरानं विणलेलं, चिंचोक्याची खळ दिलेलं. नवं असताना टोचायचं बी. पाव्हणा चिखलाच्या पायानं आला तरी काय बिघडत नव्हतं, दुसऱ्या दिवशी सारवलं की झालं.

म्हणून सोपा लई चांगला होता, असं नाही. काही माणसांना त्यावर चढूच देत नव्हते. ती पायरीखाली उभी राहायची. बायका माजघराच्या दाराआडून ऐकायच्या. आज तशी मनाई कुणी करत नाही. तरी कामाचा गडी पैसे न्यायला आला की उंबऱ्याजवळच उकिडवा बसतो. मालक 'वर बसा की' म्हणतो, पण म्हणताना नजर त्याच्या पायाकडं असते.

आमच्या सुनेनं सोफ्याशेजारी एक सतरंजी कायमची अंथरून ठेवलीय. गडी तिच्यावर बसतो, आता मीबी तिथंच बसतो. ही बरोबरी म्हणायची का सोफा वाचवायची सोय, यावर आमचं दोघांचं अजून जमलेलं नाही.