‘ते माझं खातं नाही’

नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटसारख्या गावात सिकलसेलच्या पोराचं अंग ठणकायला लागलं की डॉक्टर गोळ्या देऊन बजावतात: पाणी भरपूर पी, थंडीत फिरू नकोस, जड काम टाळ. सल्ला बिनचूक आहे. पण या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. भल्या पहाटे गारठ्यात फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवायच्या, पाणी मिळेल तेव्हा प्यायचं. मना केलेलं सगळं उजाडायच्या आतच घडून जातं. मुकादमाची उचल घेतलेली, म्हणून मधूनच परतताही येत नाही. डॉक्टर म्हणतात, मजुरी आमचं खातं नाही. कामगार खात्याला आजाराशी कर्तव्य नाही. ही शिस्त नव्हे, ही जबाबदारीतून काढलेली पळवाट आहे.

शेजारच्या खात्यातही लक्ष घाला म्हटलं, की ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण तोंडावर फेकली जाते. अर्धवट ज्ञान घातकच; पण आपला विषय पक्का करून शेजारच्या विषयाचं दार ठोठावणं म्हणजे चिंध्या गोळा करणं नव्हे. हा आजार उलगडला तोच तशा माणसांमुळे. 1910 मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींची नोंद प्रसिद्ध केली. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे मात्र 1949 मध्ये दाखवलं ते रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी, आणि त्यांच्या सोबत होते डॉक्टर होऊन रसायनशास्त्राकडे वळलेले हार्वे इटानो. त्यांनी वापरलेलं इलेक्ट्रोफोरेसिसचं, म्हणजे विजेच्या साहाय्याने रेणू वेगवेगळे करण्याचं तत्त्व आजही निदान पक्कं करायला वापरतात. 1954 मध्ये संशोधक अँथनी अ‍ॅलिसन यांनी दाखवलं की सिकलसेलच्या वाहकाला हिवतापापासून बरंचसं संरक्षण मिळतं. म्हणजे ज्याला आपण रक्तातली खोट म्हणतो, तिनेच पिढ्यान्‌पिढ्या लेकरं जगवली. वाहक मुलीचं स्थळ नाकारणाऱ्यांना हे कोणी सांगायचं? दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, हे भिली बोलणाऱ्या आजीला तिच्या बोलीत पटवून द्यायचं कोणी?

नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना भिली शिकवायला पाड्यावरची जाणती बाई नेमा आणि तिला शिक्षिकेचा पगार द्या. ऊसतोडीच्या हंगामात विद्यार्थ्यांना फडावर पाठवा. रुग्णाच्या कागदावर हिमोग्लोबिनच्या आकड्याशेजारी उचलीची रक्कमही लिहायला लावा.