पहिला गुरू





भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात पहिली पृथ्वी. तिला खणा, नांगरा, तुडवा, ती आपला नेम सोडत नाही. हे मी चाळीस वर्षं वाचत आलो. कळलं मात्र गेल्या श्रावणात, माझा मामेभाऊ गेला तेव्हा.

आम्ही सातारचे. मामांची मळीची जमीन भिलवडीजवळ, कृष्णाकाठी. दिवाळीच्या सुट्टीत आई आम्हाला पॅसेंजरनं भिलवडी स्टेशनला न्यायची, पुढं बैलगाडी. गुरुवारी मामा पोरांना नावेत बसवून पलीकडे औदुंबरला पादुकांच्या दर्शनाला घेऊन जायचे. श्रीनृसिंहसरस्वती स्वामींनी तिथं चातुर्मास केला, हे मामा दर वेळी सांगायचे. आमचं लक्ष नावेकडं! दादा माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, पण नाव हलली की माझा दंड घट्ट धरायचा. गुऱ्हाळावर गेलो की काहिलीतला गरम गूळ उसाच्या कांड्यावर घेऊन आधी मला द्यायचा. तो गूळ चटका देतो, पण थांबवत नाही.

एके वर्षी मी गोफण घेऊन होल्यांच्या मागं धावलो आणि नुकताच उगवलेला हरभरा तुडवला. संध्याकाळी मामांनी विचारलं, ‘‘कोण शिरलं होतं रानात?’’ दादा म्हणाला, ‘‘मी.’’ चांगला मार खाल्ला. मी गप्प. रात्री म्हणाला, ‘‘तू पावना हाईस. तुला मारलं असतं तर आत्याला वाईट वाटलं असतं.’’

पुढं मी बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलो, तो शेतीतच राहिला. मला ‘साहेब’ म्हणायचा. कारकुनाला साहेब म्हणणारा तो एकटाच.

१९९६ साली त्यानं पाइपलाइनसाठी कर्ज काढायचं ठरवलं आणि मला जामीन राहशील का म्हणून विचारलं. माझ्या डोक्यावर घराचे हप्ते होते हे खरं. पण खरं कारण ते नव्हे. जामीनदारांचे हाल मी रोज काउंटरवर बघत होतो, मला भीती वाटली. मी म्हणालो, ‘‘आमच्यात चालत नाही तसं.’’ हे खोटं होतं. तो ‘‘बरं’’ म्हणाला, चहा प्यायला आणि आणलेली काकवीची बरणी ओट्यावर ठेवून गेला. बैलजोडी विकून त्यानं पाइपलाइन केली. त्यानंतरही दर वर्षी गुळाची ढेप येत राहिली. मी पोच कळवायचो. बाकी काही बोललो नाही.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवले. कावळे झाडावर बसलेले, खाली उतरेनात. वहिनींनी हात जोडले, मुलानं जमीन विकणार नाही म्हणून शब्द दिला, कुणी नातीच्या लग्नाचं बोललं. माझ्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. चारचौघांत बोलवेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोक उठले, पंचे झटकून निघाले.

मला रडताना बघून मंडळातले एक ज्येष्ठ म्हणाले, ‘‘अहो, आपण दत्तभक्त. कपोताची गोष्ट विसरलात का? मोह बरा नव्हे.’’ त्यांचा मान राखून सांगतो, मला ते पटलं नाही. गुरुचरित्राच्या विसाव्या-एकविसाव्या अध्यायात शिरोळची माउली आहे. तिचं लेकरू गेल्यावर ब्रह्मचारी तिला देह कसा नाशवंत ते समजावतो. सगळं बरोबरच सांगतो. पण ती ऐकून उठून घरी जात नाही. ते प्रेत घेऊन वाडीच्या पादुकांशी जाते, डोकं आपटते, गुरूंनाच बोल लावते. आणि स्वामी तिच्या स्वप्नात येतात ते त्या रात्री, त्या रडण्यावर. तिचं लेकरू उठलं. आमचा दादा उठणार नाही, एवढं मला कळतं. पण रडणारा दत्तदरबारातून हाकलला जात नाही, हेही मी त्याच पोथीत वाचलंय.

मोहाची चिंता मला नाहीच. चिंता आहे त्या खोट्या वाक्याची. बँकेत रात्री दहा पैशांचा फरक लागला तरी आम्ही घरी जात नसू. इथं तर कितीतरी वर्षं खातं तसंच उघडं.

या मार्गशीर्षात, पारायणाच्या तिसऱ्या दिवशी, दादाच्या मुलाकडून ढेप आली. वडिलांसारखीच, पोत्यात शिवलेली. मी पोच द्यायला फोन केला आणि या वेळी सगळं सांगितलं. हरभऱ्याचंही, जामिनाचंही. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता.

मग तो म्हणाला, ‘‘काका, आबांनी आम्हाला यातलं कधी काहीच सांगितलं नाही. ते एवढंच म्हणायचे, गूळ आधी साताऱ्याला जाऊ दे.’’