शाळेआधीची शाळा



जून महिना आला की रविवारच्या मिस्साला काही चेहरे हरवलेले दिसतात. गणवेश शिवून झालेला असतो, दप्तर, डबा, पाण्याची बाटली सगळे घेऊन झालेले असते, आणि तरी आईच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो, "माझं बाळ राहील ना?" शाळेच्या फाटकाशी पहिल्या दिवशी काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. फाटकाच्या आत मूल रडते, बाहेर आई डोळे पुसते आणि वडील गाडी चालू करूनही निघत नाहीत. या रडण्याला आपण हसतो. पण माणसाच्या आयुष्यातली ही पहिली ताटातूट असते. ज्या मांडीवर तो निश्चिंत झोपला, तिच्यापासून तो पहिल्यांदाच दूर जात असतो.

या निमित्ताने आमच्या हातून झालेली एक चूक आज आपल्यापुढे मांडतो. ज्या आईवडिलांच्या बाबतीत ती घडली, त्यांच्या संमतीनेच सांगत आहोत.

शाळाप्रवेशाचे दिवस होते. एक तरुण जोडपे बाप्तिस्म्याचा दाखला आणि शिफारसपत्र मागायला धर्मग्रामाच्या कार्यालयात आले. सोबत साडेतीन वर्षांचा मुलगा होता. आम्ही नोंदवही काढली, तारीख पाहिली, दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला. मुलगा दाराजवळच्या बाकावर बसून होता. काही आठवड्यांनी तिघे पुन्हा आले. यादीत नाव लागले नव्हते. आईवडील बराच वेळ बोलत होते. शेजारच्या मुलाला प्रवेश मिळाला, आता नातेवाइकांना काय सांगायचे, वर्ष वाया जाईल, देवाने आमचे ऐकले नाही. आम्ही मान डोलावत होतो. तेवढ्यात त्या मुलाने आईची ओढणी ओढली आणि विचारले, "आई, मी नापास झालो का?"

खोलीत कोणी काही बोलले नाही. आम्ही टेबलाच्या खणातून चॉकलेट काढून त्याच्या हातावर ठेवले. ते काही उत्तर नव्हते. दोन वेळा तो आमच्या दारात आला, त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख आम्ही नोंदवहीत शोधली, पण त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. तत्त्वज्ञानाचा उगम आश्चर्यात आहे, हा अॅरिस्टॉटलचा विचार परीक्षेत लिहून गुणही मिळवले. आणि जो आश्चर्याने सगळीकडे बघत होता, ज्याला मनातून काहीतरी विचारायचे होते, त्याला आम्ही बाकावर बसवून ठेवले.

बंधुभगिनींनो, त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शुभवर्तमानात आहे. प्रभू येशूचा यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला तेव्हा पित्याची वाणी ऐकू आली. हा माझा लाडका पुत्र आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे, असा तिचा आशय होता. ही वाणी केव्हा झाली, हे नीट पाहा. तोवर येशूने एकही प्रवचन दिले नव्हते, एकही आजारी बरा केला नव्हता, एकही शिष्य निवडला नव्हता. पित्याने निकाल पाहून प्रेम केले नाही. प्रेम आधी होते, कार्य नंतर आले. आपल्या मुलाच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचे पाणी ओतले जाते तेव्हा त्यालाही हेच सांगितले जाते. म्हणून तो दाखला म्हणजे शाळेच्या अर्जाला जोडायचा नुसता कागद नाही. या मुलाला शाळेने स्वीकारण्याआधी देवाने स्वीकारले आहे, याची ती साक्ष आहे. पण हे मुलाला कळणार कसे? देवाची वाणी त्याला आईवडिलांच्या तोंडूनच ऐकू येते. आपले तोंड उतरले, तर आपण देवालाही आवडत नाही, असे त्याला वाटते.

आपल्या पुण्यातलेच एक घर आठवून पाहू. १८२७ साली गोविंदराव आणि चिमणाबाई फुले यांच्या पोटी जोतीराव जन्मले. मूल वर्षाचेही झाले नव्हते, तोच आई गेली. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्या बाळाला मायेने वाढवले. त्या स्वतः विधवा होत्या आणि एका मिशनरी साहेबांच्या घरी अनाथ मुलांना सांभाळण्याचे काम करत. परक्यांच्या पोरक्या मुलांवर माया करणाऱ्या या बाईने आपल्या घरातल्या पोरक्या मुलालाही मांडी दिली. पुढे वडिलांनी जोतीरावांना शाळेत घातले, पण लोकांच्या सांगण्यावरून मधेच काढूनही घेतले आणि मुलगा शेतात कामाला लागला. तेव्हा गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजारच्या दोघांनी, एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती, गोविंदरावांना समजावले. १८४१ साली जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. पुढे १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली आणि तिथे शिकवणाऱ्या सावित्रीबाईंना अक्षरओळख झाली होती ती घरीच, पतीकडून.

जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु मूल शाळेपर्यंत कसे पोहोचते, ते या हकिकतीतून दिसते. आधी कोणाची तरी मांडी लागते. मग आपली चूक दुरुस्त करणारा बाप लागतो. आणि "याला घरी ठेवू नका" असे सांगायला येणारा शेजारी लागतो. यातले एक जरी नसते, तरी भिडे वाड्यातली ती शाळा कदाचित उघडली नसती.

पवित्र शास्त्रातही अशी एक आई आहे. नवसाने झालेला शमुवेल दूध सुटताच हन्नाने त्याला शिलो येथील मंदिरात एली याजकाच्या हवाली केले. किती जड गेले असेल! पण ती त्याला विसरली नाही. दरवर्षी ती त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून घेऊन जात असे. या झग्याकडे जरा लक्ष द्या. मूल वाढत होते, म्हणजे मागच्या वर्षीचा झगा या वर्षी चालणार नव्हता. दूर राहूनही ती त्याचे माप मनात धरून होती. सोडणे आणि विसरणे यांत फरक आहे, तो हन्नाने आपल्याला दाखवला. आज आपली मुले दिवसातले पाच-सहा तास दूर असतात. ती संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्यांचे माप आपल्याला ठाऊक असते का? आज ते कोणाशेजारी बसले, कशाला घाबरले, डबा कोणाबरोबर खाल्ला?

आपल्यातली पुष्कळ कुटुंबे नगर, जालना भागातून पोटासाठी पुण्यात आली. गावाकडे मिशनच्या शाळेतले मास्तर पाढेही शिकवत आणि प्रार्थनाही. संध्याकाळी आजी अंगणात गोष्ट सांगे. इथे दोन खोल्यांत अंगण नाही, वडिलांची पाळी असते, आई कामावरून दमून येते. आम्ही कोणाला दोष देत नाही. पण पालक हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणविषयक घोषणापत्रात सांगितले, तेव्हा त्यात दमलेल्या पालकांना वगळलेले नाही. आणि या शाळेला देणगी लागत नाही. आपल्या देशाच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळ, गोष्टी आणि घरच्या भाषेवर भर दिला आहे. तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून आजीने नातवासमोर गप्प बसू नये. तीमथ्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, याची आठवण संत पौल त्याला करून देतो.

तर या जूनमध्ये आपण तीन गोष्टी करू या.

पहिली. मूल घराबाहेर पडताना आईने किंवा वडिलांनी त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण करावी. रिक्षावाले काका हॉर्न वाजवत असले तरी एवढ्याला वेळ मिळतो.

दुसरी. संध्याकाळी "किती मार्क मिळाले?" हे विचारण्याआधी "आज काय खेळलास?" हे विचारावे. दहा मिनिटे टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून, मुलाला जवळ घेऊन रोझरीचे निदान एक दशक म्हणावे. अर्ध्यात ते झोपले तरी चालेल. प्रार्थनेच्या आवाजात झोपणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

तिसरी. आपल्या वस्तीत एखादे मूल धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहत असेल, तर गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेबांसारखे त्या घरी जावे आणि शब्द टाकावा. वह्या-पुस्तके लागत असतील तर कार्यालयात सांगावे. नावे कोणाला कळणार नाहीत.

आता आमचे काम. येत्या रविवारच्या मिस्सानंतर सर्व लहान मुलांना आणि त्यांच्या दप्तरांना आशीर्वाद दिला जाईल. ज्यांना हवा तो प्रवेश मिळाला आणि ज्यांना मिळाला नाही, अशा सर्वांनी मुलांना पुढे आणावे. आणि यापुढे दाखल्यासाठी कोणी आले, तर मूल बाकावर बसणार नाही. आधी त्याला खुर्ची, त्याचे नाव, त्याची विचारपूस. नोंदवही नंतर उघडली जाईल.

तो मुलगा आता घराजवळच्या एका साध्या शाळेत जातो. रविवारी भेटला की स्वतःहून हात पुढे करतो. त्या दिवशी द्यायला हवे होते ते उत्तर आम्ही त्याला उशिरा दिले, "नाही रे बाळा, तू नापास झाला नाहीस. नापास झालो ते आम्ही."

हे प्रभू येशू, तू नाझरेथच्या घरात मरियेच्या मांडीवर आणि योसेफाच्या हाताशी वाढलास. शाळेची पायरी चढणाऱ्या आमच्या लेकरांचा हात धर. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आईवडिलांना धीर दे. आणि त्यांच्या डोळ्यांत मुलांना तुझ्या पित्याचे प्रेम दिसू दे. आमेन.

आपले धर्मगुरू