भुईकोटातल्या चिमण्या आणि पिंजऱ्याचं दार

ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवलं गेलं. नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. मौलाना अबुल कलाम आझादांनी त्याच किल्ल्यात, कधीच टपालात न पडलेल्या पत्रांमधून ‘गुबार-ए-खातिर’ लिहिलं, आणि मार्च 1943 मधल्या त्यातल्या काही पत्रांचा विषय चिमण्या हा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आझादांच्या खोलीच्या छताशी चिमण्यांची घरटी होती. काड्या आणि कचरा खाली पडत राहायचा. आधी त्यांनी छत्री उगारून चिमण्यांना हुसकावलं. त्या परत आल्या. पुन्हा हुसकावलं, पुन्हा आल्या. अखेर त्यांनी तहाचं ठरवलं आणि जमिनीवर तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली. चिमण्या आधी लांबून अंदाज घेत, झटकन एखादा दाणा उचलून उडून जात. मग दाणे एका झाकणात आले, झाकण दिवसेंदिवस त्यांच्या बैठकीच्या जवळ सरकत गेलं आणि शेवटी चिमण्या तळहातावर उतरून दाणे टिपू लागल्या. या सगळ्या काळात आझाद दगडासारखे निश्चल बसत. चिमणीकडे आपलं लक्षच नाही, असं तिला वाटावं इतके निश्चल. धीट चिमण्यांना त्यांनी नावंही दिली. त्यातल्या एकाचं नाव कलंदर.

कैदी माणूस होता आणि मोकळी चिमणी होती. जवळ यायचं की नाही, हे चिमणी ठरवत होती.

या गोष्टीनंतर ऐंशीएक वर्षांनी त्याच शहरात, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगर झालेल्या आणि बोलताना अजून नगरच राहिलेल्या गावात, माणूस आणि प्राणी यांच्या जागा उलट झालेल्या दिसतात. सावेडीतल्या किंवा केडगावातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये दत्तक घेतलेलं कुत्रं येतं. कधी रस्त्यावरचं गावठी पिल्लू, कधी कुणाला नकोसं झालेलं मोठं लॅब्राडॉर. सोबत तारेचा, घडी होणारा एक पिंजरा येतो. विकणारा त्याला क्रेट म्हणतो. घरातली आजी मात्र बघताक्षणी विचारते, ‘मुक्या जिवाला कोंडायला आणलंय का रे?’

आजीचा प्रश्न अडाणी नाही. तो धर्माचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर क्रेटसोबतच्या माहितीपत्रकात मिळत नाही. ज्याची संमती विचारता येत नाही, अशा जिवाला त्याच्याच भल्यासाठी आत घालून कडी लावणं, ही माया आहे की सत्ता?

नेहमीचं उत्तर तयार असतं: कुत्रा हा बिळात राहणारा प्राणी, त्याला बंदिस्त जागा आवडतेच. हे अर्धंच खरं आहे. कुत्री व्यायला झाली की ओट्याखाली, नालीच्या कडेला, विटांच्या ढिगाआड जागा उकरते आणि पिल्लं पहिले काही आठवडे तिथे काढतात. पण त्यानंतर ती जागा सुटते. नगरच्या कुठल्याही गल्लीत रात्री पाहिलं तर मोठी कुत्री उघड्यावर, गाडीच्या बॉनेटवर, वाळूच्या ढिगावर झोपलेली दिसतात. म्हणजे कुत्र्याला आडोसा हवा असतो, पण त्याला स्वतःहून मागे लावलेली कडी हवी असते, असं काही त्याच्या स्वभावात नाही. कडी ही माणसाची गरज आहे. ती गरज खोटी नाही, पण ती कुत्र्याच्या नावावर खपवू नये.

महाभारतात या जागी उपयोगी पडणारा एक शब्द आहे: आनृशंस्य. यक्षाच्या प्रश्नांना उत्तरं देताना युधिष्ठिर त्यालाच श्रेष्ठ धर्म म्हणतो, आणि महाप्रस्थानिक पर्वात तो शब्द कसोटीला लागतो, तोही एका कुत्र्यामुळे. भाऊ गेले, द्रौपदी गेली, मागे फक्त एक कुत्रं उरलं. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला सोड, वर चल. युधिष्ठिर नकार देतो. अहिंसा म्हणजे इजा न करणं. हिमालयाच्या त्या वाटेवर कुत्र्याला सोडून दिलं असतं तर युधिष्ठिराच्या हातून इजा अशी झालीच नसती. आनृशंस्य त्याहून जास्त मागतं: काळीज कोरडं पडू न देणं, सोबत आलेल्याचं भय आपलं मानणं.

क्रेटचा प्रश्नही याच दोन शब्दांच्या मधोमध उभा आहे. पिंजरा मोठा आहे, आत उभं राहता येतं, वळता येतं, पाय पसरून झोपता येतं, पाणी ठेवलंय, कुणी मारलेलं नाही. अहिंसेचा हिशेब इथे पूर्ण होतो. आणि तरी आतलं पिल्लू रात्री अडीच वाजता रडत असतं.

युधिष्ठिराचं कुत्रं आणि दत्तक कुत्रं यांत एक मोठा फरकही आहे. ते कुत्रं आपणहून मागे आलं होतं, ते शरणागत होतं. दत्तक कुत्रं आलेलं नसतं, आणलेलं असतं. शरणागताला आसरा देणं हे थोर, पण ज्याला आपणच उचलून आणलं त्याच्यावर उपकार केल्याची भाषा शोभत नाही. उलट विश्वास त्यानं आपल्यावर ठेवावा, अशी मागणी आपली असते. मागणारा आपण असलो, तर वाटही आपणच पाहायची.

वाट पाहायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे आझादांच्या झाकणाने सांगून ठेवलेलं आहे. क्रेट घरात आला की पहिले काही दिवस त्याचं दार लावायचंच नाही. ते सुतळीने मागे बांधून टाकायचं, म्हणजे वाऱ्याने किंवा धक्क्याने आपटणार नाही. एकदा दार अंगावर आपटलं की आठवड्याची कमाई जाते. आत जुन्या साडीची किंवा गोधडीची घडी. जेवणाचं भांडं आधी दाराबाहेर, मग उंबऱ्याशी, मग आत, मग अगदी मागच्या कोपऱ्यात. कुत्र्याला ढकलायचं नाही, गळ्यातला पट्टा धरून ओढायचं नाही, आत गेल्याबरोबर टाळ्याही पिटायच्या नाहीत. ते जेवताना दार क्षणभर लोटायचं आणि त्याचं जेवण संपायच्या आत उघडायचं. मग मिनिटभर. मग पाच मिनिटं, माणूस शेजारीच बसलेला. मग माणूस दुसऱ्या खोलीत. कुणाला चार दिवस लागतात, कुणाला दोन महिने. शिक्षा म्हणून क्रेटमध्ये एकदा जरी घातलं, तर हे सगळं पुसलं जातं.

पहिल्या रात्रीबद्दल ‘रडू दे, आपोआप गप्प होईल’ असा सल्ला अनेक जण देतात. तो चुकीचा आहे. आईपासून, रस्त्यापासून, ओळखीच्या वासांपासून तुटलेलं पिल्लू रडतं ते हट्टानं नव्हे. ते गप्प होतं तेव्हा कित्येकदा शांत झालेलं नसतं, थकलेलं असतं, आणि या दोन्हींतला फरक ओळखणं हीच आनृशंस्याची परीक्षा. शिवाय दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे लघवी धरवत नाही. रडण्यात ती हाकही असते. क्रेट झोपण्याच्या खोलीत घ्यावा, आपलं अंथरूण शेजारी जमिनीवर टाकावं, हात तारांपाशी ठेवावा. नेहरूंनी आपल्या आत्मचरित्रात डेहराडूनच्या तुरुंगातल्या एका आजारी पिल्लाची आठवण लिहिली आहे. त्याच्यासाठी ते रात्रीतून अनेकदा उठत. ज्याच्या स्वतःच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, तो माणूस पिल्लासाठी उठत होता.

आणि काही कुत्र्यांना क्रेट कधीच मानवत नाही. लाळ गळते, ते तारा चावतात, नखं मोडेपर्यंत उकरतात. ही शिस्तीची उणीव नव्हे, घबराट आहे. तिथे क्रेट बाजूला ठेवावा आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारावं.

मग क्रेट हवाच कशाला, असं आजी पुन्हा विचारेल. तिचं उत्तर याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या उसाच्या पट्ट्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार बिबट्याच्या आहारात वजनाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे 39 टक्के, कुत्र्यांचा होता. अकोले-संगमनेरकडच्या वस्तीवर साखळीने अंगणात बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. तिथे रात्री कुत्र्याला आत घेऊन दार पक्कं लावणं हाच धर्म आहे. शहरातही तसे प्रसंग येतात. दिवाळीचे फटाके, शस्त्रक्रियेनंतरचे टाके, गाडीचा लांबचा प्रवास. ज्या कुत्र्याला आत शांत बसायची सवय आधीच आनंदाने लागली आहे, त्याला त्या दिवशी कोंडल्यासारखं वाटत नाही. सवय नसलेल्याला वाटतं. म्हणजे लावलेलं दार वाईट असतं असं नाही. पण उघड्या दाराचे पुष्कळ दिवस गाठीशी असतील, तरच लावलेलं दार त्याला सोसतं.

साखळीपेक्षा क्रेट बरा, असंही म्हणता येतं, पण कायदा दोन्हींकडे एकाच नजरेने पाहतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या अकराव्या कलमात, नेहमी साखळीला किंवा बंदिस्त जागेत ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडू-फिरू न देणं हा मालकाचा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. इतक्या स्वस्त गुन्ह्याला आळा घालायचा तर तो घरातूनच घालावा लागतो.

दारांचा विचार करताना या जिल्ह्यात शनिशिंगणापूर आठवणारच. घरांना दारं नाहीत, चौकटी आहेत. चोरी झाली तर शनिदेव पाहून घेईल, ही श्रद्धा. पण तिथेही रात्री काही घरांच्या चौकटीला फळी टेकवतात, ती चोरासाठी नव्हे, भटकी कुत्री आत शिरू नयेत म्हणून. त्याच नेवासे तालुक्यात, नेवाशाला, 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ती सांगणाऱ्या ज्ञानदेवांची, दाराशीच निगडित अशी एक कथा वारकरी परंपरेने जपली आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावून ते झोपडीची ताटी लावून आत बसले. मुक्ताबाई बाहेर उभी. वयाने धाकटी, पण तिने ताटी ढकलली नाही. ती बोलत राहिली, ज्ञानदेवांनी आतून ताटी उघडेपर्यंत.

घाबरलेलं कुत्रं क्रेटच्या मागच्या कोपऱ्यात तोंड करून बसतं, तेव्हा हात घालून त्याला बाहेर काढायचा मोह होतो. तोही आवरावा. हा संयम आत जाण्याइतकाच बाहेर येण्यालाही लागू आहे. आत बसलेल्याला तिथे कुणी ओढून काढणार नाही, लहान मूल हात घालणार नाही, पाहुणा वाकून डोकावणार नाही, एवढी खात्री मिळाली तरच ती जागा त्याची होते.

मे महिन्यात नगरचा पारा चाळिशी ओलांडतो. लोखंडी तारा तापतात, पंखा बंद पडला की कापड टाकलेल्या क्रेटमध्ये हवा कोंडते, आणि अंगाला घाम येत नसलेल्या कुत्र्याला मुख्यतः धापा टाकण्याचाच आधार उरतो. त्या दुपारी दार उघडं असलेल्या घरातलं कुत्रं उठतं, न्हाणीघराशेजारच्या थंड शहाबादी फरशीवर जाऊन पोट टेकून पसरतं. संध्याकाळी वारा सुटला, गल्लीत कुणाची तरी बुलेट फटफटत गेली की कान टवकारतं, आळस देतं आणि कुणी हाक न मारता पुन्हा साडीच्या घडीवर जाऊन बसतं.